अंगावरच्या लेकराची काच

अमडापूर, सोमवार, ९ ऑक्टोबर १९७२

शेवटी मायक्रोस्कोप मांडला. खोली म्हणजे वामनराव किराणावाल्यांच्या दुकानामागचं गुळाचं कोठार. गूळ गेला, मुंग्या राहिल्या. खिडकी एकच आहे, पण पूर्वेला, त्यामुळे सकाळचा उजेड बरा मिळतो. वामनरावांनी रोज एक हंडा पाणी द्यायचं कबूल केलंय. त्यात माझी आंघोळ, चहा, आणि रक्ताच्या काचा रंगवून धुणं. यात कुणाचा नंबर शेवटचा लागणार ते आत्ताच दिसतंय. माझा.

हिवताप पथकात लागल्यापासून काम तेच. कुणाला ताप आला की बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतात. ती काच मी रंगवतो आणि तीत हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत ते बघतो. चिखलीला बरा होतो. पण इथून कोसभरावर दुष्काळी कामातला तलाव खणायला घेतलाय. गावोगावची कुटुंबं नदीकाठी खोपी घालून राहिली आहेत, म्हणून डॉक्टरसाहेबांनी मला इकडं धाडलं. वर म्हणाले, "पाऊस नाही, पाणी नाही, डास येणार कुठून? नियम आहे म्हणून बघायचं. वर्षअखेरपर्यंत इथली लागण दिसली नाही, तर हा भाग स्वच्छ म्हणून कळवून टाकू. मग ती खोली बंद, आणि तुम्हाला देऊळगाव राजाची जागा."

देऊळगाव राजाला सुलभा माहेरी आहे, आणि शैलू. शैलू मे महिन्यात झाली. मला बघून ती ओठ काढते, कारण तिच्या लेखी मी पाहुणा आहे. ही बदली मला हवी आहे. इतकी हवी आहे की देवापुढंसुद्धा मोठ्यानं मागत नाही, न जाणो कुणाची दृष्ट लागायची.

शनिवार, १४ ऑक्टोबर

आज कामावर जाऊन आलो. कचरू बरोबर होता. कचरू आमचा फिरता कर्मचारी. खोपीखोपीला जाऊन तापकऱ्यांचं रक्त घेणं आणि गोळ्या देणं हे त्याचं काम. बायका त्याला मामा म्हणतात. मला कोणी काही म्हणत नाही, नुसता पदर सावरतात.

नदी आटली आहे. पण आटली म्हणजे संपली असं नाही. जागोजाग डबकी राहिलीत, आणि प्यायच्या पाण्यासाठी बायकांनी वाळूत हातहातभर खड्डे खणलेत, त्यांना इकडे झिरे म्हणतात. झिऱ्यातलं पाणी काचेसारखं नितळ. मी वाकून पाहिलं तर वर आडव्या पडून राहिलेल्या बारीक अळ्या. आमच्याच डासाच्या, आडव्या राहतात त्यावरून ओळखू येतात. बायका पदरानं पाणी गाळून घेतात, पदर झटकतात, आणि अळ्या पुन्हा त्याच झिऱ्यात पडतात. नदी वाहती असती तर हे सगळं वाहून गेलं असतं. पाऊस नाही म्हणून डास नाही, हे गणित मला काही पटेना. चिठ्ठी लिहून डॉक्टरसाहेबांना कळवलं. उत्तर आलं, "थंडी पडू द्या, आपोआप मरतील."

बाभळीला झोळी बांधून तीत एक बाळ निजवलं होतं. त्याची आई मातीचं टोपलं रिकामं करून येता-जाता झोळीला एक झोका द्यायची. रुख्मिणी तिचं नाव. नवरा तुळशीराम खणतो, ही वाहते. बाळाचं नाव मैना. शैलूच्याच वयाची. मी झोळीत डोकावलो तर हसली, रडली नाही.

"तुमाले वळखलं तिनं, सायेब," रुख्मिणी म्हणाली.

मला उगाच बरं वाटलं.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

काचांचा ढीग. डोळे चुरचुरतात.

मोठ्या माणसांच्या काही काचांत जंतू सापडले. डॉक्टरसाहेब म्हणतात ते बाहेरून आणलेले असणार, ही माणसं कामासाठी खानदेशापासून मेळघाटापर्यंत हिंडून आलेली. ते खोटं म्हणता येत नाही. म्हणून तर आमच्या कामात अंगावरच्या, दूधपित्या लेकराच्या काचेला मोल. अंगावरचं लेकरू कुठं हिंडलेलं नसतं. यंदा जन्मलं, यंदाच इथं आलं. त्याच्या रक्तात जंतू निघाले तर ते इथल्याच डासानं दिले, दुसरा अर्थ नाही. बाकी सगळे साक्षीदार फिरतील, हा फिरायचा नाही.

आणि लेकरांच्या सगळ्या काचा स्वच्छ आहेत. एकूण एक.

कचरूचं कौतुक करावं तितकं थोडं. चिखलीत आमचा माणूस गल्लीत शिरला की पोरं आभाळ डोक्यावर घेतात, आया दारं लावून घेतात. कचरू तान्ह्या पोरांच्या काचा घेऊन येतो आणि एक पोर रडत नाही. मी दोनदा दुरून पाहिलं, बायका घोळक्यानं त्याच्याभोवती बसतात, आणि मुलं मांडीवर निवांत दूध पीत असतात. हाताला गुण असतो एकेकाच्या. मात्र गोळ्या भराभर संपवतो. तापकरी जास्त करून लेकरं, लेकराला पाव गोळी, आणि हा बाटलीच्या बाटली रिकामी करतो. विचारलं तर म्हणाला, "लागते सायेब. पुरा डोस देल्ल्याबिगर गुण नाई येत." बरोबर आहे म्हणा.

देऊळगाव राजा, सोमवार, ६ नोव्हेंबर

दिवाळी. दुष्काळाची दिवाळी, तरी सासूबाईंनी अनरसे केले. सासूबाईंचं नाव अन्नपूर्णाबाई आहे आणि त्यांनी ते मनावर घेतलं आहे.

शैलूला खोकला झाला होता. सुलभाला त्यामुळं अनरसे बंद, ताक बंद, लिंबू बंद. सासूबाई तिला सकाळ-संध्याकाळ ओवा-सुंठीचा काढा पाजतात. ती नाक मुरडत होती, तर मीच म्हटलं, "पी गं, तुझ्या दुधातून तिला लागू पडेल." दोन दिवसांत खोकला उतरला. जुन्या बायकांना कळतं ते आमच्या डॉक्टरांना कळत नाही.

निघताना सुलभा म्हणाली, "अहो, नक्की ना वर्षअखेरीस?"

मी म्हटलं, "काचा स्वच्छ आहेत. मी काय, काचाच मला इकडे आणतील."

अमडापूर, गुरुवार, १६ नोव्हेंबर

थंडी नाही. कार्तिक लागला तरी अंगावर सदरा नकोसा होतो. वामनराव म्हणतात त्यांच्या जन्मात असा हिवाळा पाहिला नाही. पण ते प्रत्येक गोष्टीबद्दल असंच म्हणतात. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर बसलं की पायाला डास फोडून काढतात. दुष्काळात तेरावा महिना तो हा.

कामावर ताप वाढला आहे. गेल्या आठवड्यात दोन तान्ही मुलं गेली. लोक म्हणतात बाहेरचं झालं. डॉक्टरसाहेब म्हणाले खायला काही नाही, अमेरिकेची ती लाल ज्वारी, मिलो, पचत नाही, आयांना दूध नाही, मुलं जाणारच. मी विचारलं, "हिवताप नसेल ना?" तर माझ्याकडंच बोट दाखवलं, "काचा तुम्हीच पाहता ना?"

मीच पाहतो. आणि आज एक गोष्ट पाहिली, ती इथं लिहून ठेवतो. लहान मुलाच्या रक्तात पांढऱ्या पेशींमध्ये गोल, भरीव केंद्राच्या पेशी जास्त असतात. मोठ्या माणसाच्या रक्तात तुकड्यातुकड्यांच्या केंद्राच्या जास्त. कामावरच्या लेकरांच्या काचांत तुकड्यावाल्याच दिसतात. एका काचेत दिसल्या असत्या तर समजू शकलो असतो. सगळ्यांत?

मग काचा परत डब्यात ठेवल्या. वामनरावांचं पाणी खारं आहे, रंग नीट चढत नाही. डोळेही थकलेत. आणि खरं सांगायचं तर वर्ष संपायला थोडेच दिवस राहिलेत, आता नसती खुसपटं काढण्यात अर्थ नाही. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो: मला ते पाहायचंच नव्हतं.

शनिवार, २५ नोव्हेंबर

डॉक्टरसाहेबांनी वर्षअखेरीची वाट न पाहता भाग स्वच्छ असल्याचं वर कळवलं. माझ्या बदलीची शिफारस त्याच टपालात गेली. शिपायाकरवी निरोप आला तेव्हा मी आनंदानं वामनरावांना गूळ मागितला. त्यांनी दिला, पण खारकेएवढा.

दुपारी रुख्मिणी आली. चालत, मैनाला कडेवर घेऊन. मैनाचं अंग पोळत होतं. पोट फुगलेलं, ओठ पांढरे. मला पाहून हसली नाही, आणि रडलीही नाही. एका बाजूला मान टाकून राहिली.

"एक दिसाआड थंडी वाजून ताप येते जी. हिवतापच हाये का?"

मी डबा काढला. कचरूनं कालच आणलेली मैनाची काच त्यात होती, आधीच्याही होत्या. कालची पुन्हा एकदा भिंगाखाली लावली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. काही नाही. मी म्हटलं, "स्वच्छ आहे. हिवताप नाही. दुसरं काहीतरी आहे, चिखलीच्या दवाखान्यात ने."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "स्वच्छ हाये नं? देवानं आयकलं. सायेब, तुमची एकबी गोळी मी चुकवली नाई."

"बरं केलंस."

तिची स्वतःचीही तब्येत बरी दिसली नाही. कानात गुणगुण होते, तोंड कडू झालंय, अंगाला खाज सुटते, असं सांगत होती. या कामावर कोण धड आहे म्हणा. तिला वामनरावांच्या इथून पाणी मिळवून दिलं. पाणी मैनाला पाजायच्या आधी ती स्वतः प्याली, आणि मग तिला अंगावर पाजायला घेतलं. मला ते जरा विचित्र वाटलं.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

सुलभाला पत्र टाकलं की खोली बघून ठेव, बालाजीच्या देवळाजवळ मिळाली तर उत्तम.

शनिवार, २ डिसेंबर

मैना गेली.

सकाळी कचरू सांगायला आला. दवाखान्यात नेलंच नव्हतं. काच स्वच्छ आहे असं साहेबांनी सांगितल्यावर तुळशीराम म्हणाला, मग दोन दिवसांची हजेरी कशाला बुडवायची. माझ्याच शब्दावर मैना खोपीतच राहिली.

मी का गेलो ते मला माहीत नाही. आमचं काम काचेशी, मौतीला जायची रीत नाही. गेलो तेव्हा पुरून आले होते. तुळशीराम नदीकडे तोंड करून बसला होता. रुख्मिणी खोपीच्या तोंडाशी. दूध दाटून तिच्या लुगड्यावर ओल उतरली होती. तिकडं पाहावेना, आणि दुसरीकडं पाहायलाही काही नव्हतं.

"सायेब, माह्यं काय चुकलं ते सांगा," ती म्हणाली. "तिच्यासाठी मी आंबट सोडलं, तेल सोडलं, कोरडी भाकर खाल्ली. गोळ्या कडू जहर होत्या. तरी समद्या खाल्ल्या. एकबी थुकली नाई."

मला आधी कळलंच नाही. "तू खाल्ल्यास? मैनाला दिल्या नाहीस?"

"तिले कशी देऊ जी? अंगावरचं लेकरू. मायनं खाल्लं का दुधातून त्याले लागू पडते."

मी विचारलं, "आणि रक्त? काचेवरचं रक्त कुणाचं?"

तिनं उजवा हात पुढं केला. बोटांची टोकं सुयांनी काळी-निळी झाली होती. "हे काय. माह्यंच. माय-लेकराचं रगत एकच असते नं? अन् तिच्या अंगात रगत होतं कुठं, द्याले?"

कानातली गुणगुण, अंगाची खाज, तीही आमच्याच गोळ्यांची होती. मैनाच्या नावाची जी काच मी दोनदा, सावकाश, टोकापासून टोकापर्यंत पाहिली ती हिची होती. पुरा डोस खाऊन हिचं रक्त स्वच्छ झालेलं. दुधातून जंतू मरतील इतकी गोळी उतरत नाही. आणि मैनाचं मी कधी पाहिलंच नाही.

परतताना कचरूला वाटेत थांबवलं. इतका ओरडलो की मेंढ्यांचा कळप बुजला. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "सायेब, सुई टोचली का लेकरू कळवळते, माय रडते. दूधपितं लेकरू अन् माय काही येगळी असते काय? माह्या मायनं आम्हाले असंच वाढवलं. पाव गोळी लेकराच्या तोंडी देल्ली तं ते थुकून टाकते. अन् पाव गोळी मायनं खाल्ली तं दुधात काय उतरन? म्हून मायले पुरा डोस देत गेलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं नाई."

हे खरं आहे. मी एवढंच म्हणत होतो की त्याच्या हाताला गुण आहे.

आणि दुसरं, जास्त खरं. पांढऱ्या पेशी मी त्या दिवशी पाहिल्या होत्या. कचरूला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, निदान संशय तरी होता, आणि मी डबा बंद केला.

रविवार, ३ डिसेंबर

कामावर सुट्टी नाही. मी स्वतः सुई घेऊन गेलो. अंगावरच्या लेकराचं बोट एवढंसं असतं, त्याच्या टाचेतून रक्त घ्यावं लागतं. पहिलं पोर किंचाळलं आणि सगळ्या खोपी उठल्या. बायका मुलांना घेऊन वाळूत पळत सुटल्या. एक म्हातारी, सत्यभामाबाई, या बायकांची सुईण, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "उपाशी लेकरायचं रगत काढून राह्यला काय बे! लाज नाई वाटत?"

कचरूनं तिचे पाय धरले. त्यानंच समजावलं, मला जमलं नसतं. शेवटी काही आयांनी मुलं आणली. ज्यांनी आणली त्यांनी तोंड फिरवून धरली.

संध्याकाळी उजेड गेला म्हणून काचा तशाच ठेवल्या.

मंगळवार, ५ डिसेंबर

काल दिवसभर पाहिल्या. अर्ध्याहून जास्त लेकरांच्या रक्तात जंतू. काही काचांत इतके की शोधावे लागलेच नाहीत. इथलीच लागण आहे. झिऱ्यांतली. नदी आटत गेली, बायका झिरे खणत गेल्या, थंडी आलीच नाही, आणि आम्ही आभाळाकडं पाहून पाऊस नाही म्हणत बसलो.

सकाळी पहिल्या गाडीनं चिखली गाठली आणि काचा डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी स्वतः दोन पाहिल्या. बराच वेळ डोळा भिंगाला लावून बसले. त्यांनाही झोप नसावी. कॉलऱ्याच्या लशी, मिलोच्या तक्रारी, सगळं त्यांच्याच गळ्यात.

"वर कळवलेलं मागं घ्यावं लागेल," ते म्हणाले. "फवारणीचं पथक मागवतो. गोळ्या मुलांच्या तोंडात, आयांच्या नाही. कुणाला तरी समोर उभं राहून द्याव्या लागतील. तुमची बदली..."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मनात वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. परतीच्या गाडीत वाटत होतं, हे मला फक्त एक महिना उशिरा का कळलं नाही. मग लगेच वाटलं, एक महिना आधी का नाही कळलं. हे दोन्ही विचार एकाच माणसाच्या डोक्यात एकापाठोपाठ आले. तो मीच.

देऊळगाव राजा, रविवार, १० डिसेंबर

सुलभानं खोली बघून ठेवली होती. देवळामागंच, नळ सामायिक. तिला सांगितलं की खोली नको. ती उठून आत गेली.

शैलूला ताप होता. सासूबाई म्हणाल्या, "दात येताहेत, भालचंद्रराव. असा येतोच." सुलभाच्या हातात काढ्याचा पेला होता. तिचा अर्धा पिऊन झाला होता.

माझ्या पिशवीत सुई आणि काच होती. मी काढली. सुलभानं शैलूला छातीशी घट्ट धरलं. म्हणाली, "अहो, तिला नको ना. एवढीशी आहे ती." आणि पदराखालून हात काढून आपलं बोट माझ्यासमोर धरलं. "माझं घ्या. तिचं काय आणि माझं काय."

मॅट्रिक झालेली बायको माझी. रागवायला तोंडच नव्हतं. दिवाळीत काढा पाजताना मीच नव्हतो का म्हटलं, पी गं, तिला लागू पडेल?

मी खाली बसलो आणि तिला रुख्मिणीचं सगळं सांगितलं. पहिल्यापासून. पांढऱ्या पेशींचंही. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सुलभाचं बोट तसंच पुढं होतं, ते तिनं हळूच मागं घेतलं. मग मान दुसरीकडं वळवली आणि शैलूचा पाय मोकळा केला.

टाच मऊ होती. मी टोचलं. शैलू अशी किंचाळली की शेजारच्या बाई धावत आल्या. दिवसभर माझ्याकडं आली नाही. मला पाहिलं की सुलभाच्या खांद्यात तोंड लपवायची.

अमडापूर, मंगळवार, १२ डिसेंबर

शैलूची काच पाहिली. स्वच्छ. पांढऱ्या पेशी गोल केंद्राच्या, जशा असायला हव्यात तशा. दातांचाच ताप असणार. सुलभाला कार्ड टाकलं.

टाकून आलो आणि कोठारात बसून रडलो. शैलूसाठी की कुणासाठी, ते सांगता येणार नाही. वामनरावांनी दारातून पाहिलं आणि पाण्याचा दुसरा हंडा ठेवून गेले.

मंगळवार, १९ डिसेंबर

आता थंडी पडली. पडायची तेव्हा पडली नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले आता जोर ओसरेल. खोपींतून फवारणी झाली, नको असलेली डबकी बुजवली. प्यायचे झिरे बुजवता येत नाहीत. ते रोज संध्याकाळी पार उपसून कोरडे करायचे आणि सकाळी नवं पाणी झिरपू द्यायचं ठरलं. बायका कुरकुरतात, पण करतात.

आज पुन्हा लेकरांच्या काचा घ्यायच्या होत्या. मी दिसलो की मुलं लांबूनच भोकाड पसरतात. कचरूसुद्धा आता पूर्वीचा मामा राहिला नाही. त्याला पाहूनही पोरं रडतात, आणि त्याला ते सोसवत नाही, तो गोळीची पूड मधात कालवत पाठमोरा बसतो.

रुख्मिणी कामावर परत आली आहे. आज टोपलं बाजूला ठेवून ती आमच्यापाशी आली. तिला सगळं कळलंय. कुणी सांगितलं, हे विचारायची मला छाती झाली नाही. आल्यावर माझ्याकडं पाहिलंही नाही, मंजुळाबाई म्हणून एक कोवळी पोर होती तिच्या शेजारी जाऊन बसली. मंजुळाबाईचा मुलगा तापलेला होता. मी सुई काढली तशी तिनं मुलाला पदरात घेतलं आणि आपलं बोट पुढं केलं.

रुख्मिणीनं ते बोट धरून खाली केलं.

"तुह्यं नोको देऊ, बाई," ती म्हणाली. "त्याचंच दे. म्या माह्यं देल्लं होतं."

मग तिनं मुलाला आपल्या मांडीवर घेतलं, एका हातानं छातीशी दाबलं, दुसऱ्या हातानं त्याचा पाय धरला आणि टाच माझ्यासमोर केली. नीट धरली होती, हलू दिली नाही. मी टोचलं. पोरगा जीव तोडून रडला. त्याच्या आईनं कानांवर हात ठेवले.

"रडू दे त्याले," रुख्मिणी म्हणाली, आणि पुढच्या बाईला हाक मारली.

संध्याकाळपर्यंत ती बसून होती. एकेका लेकराची टाच धरून देत होती. नंतर कचरूनं केलेली पूड प्रत्येकाच्या तोंडात बोटानं भरली, थुंकली की पुन्हा भरली. जाताना मी तिला म्हटलं, "उद्याही येशील का?"

"येईन जी," ती म्हणाली. तिनं टोपलं उचललं आणि कामाकडं गेली. काचा वाळायला ठेवल्या आहेत. उद्या पाहीन.